रिझालची अर्धी गोष्ट
इंदूर संस्थान मध्यभारत राज्यात सामील झाले त्या साली डॉक्टर लक्ष्मीकांतांनी आईच्या उरलेल्या एकाच डोळ्यातला मोतीबिंदू काढला. घाबरलेल्या आईला त्यांनी आधी दवाखान्याच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या रिझालची गोष्ट सांगितली होती: लेखणीने फिलिपिन्स जागे करून गोळ्या झेलणाऱ्या या वीराने डोळ्यांचा डॉक्टर होऊन स्वतःच्या आईलाही दृष्टी मिळवून दिली. “मग मलाही दे,” आई हसली होती. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी पट्टी बदलताना पू दिसला. “आई, पट्टी काढली होतीस?” “बस, जराशी सरकवली रे. संकष्टी होती. चंद्र बघितल्याशिवाय उपास कसा सोडणार?” डॉक्टरांनी दिवा जवळ धरून पाहिलं. डोळा गेला होता. “माझंच चुकलं,” आई म्हणाली. “रिझालची आई समजदार असेल.” “नाही, आई. तिनेही पट्टी काढली होती. तू घाबरशील म्हणून तेवढं सांगितलं नाही.” “तिचा डोळा वाचला?” “वाचला,” म्हणत त्यांनी निकामी डोळ्यावर स्वच्छ पट्टी बांधली.