आईचा शिक्का

बीयुननं आईचा सहीचा शिक्का लाल शाईत दाबला आणि विरोधाच्या अर्जावर तिच्या नावापुढे उठवला. जरा तिरका आला. चालतंय की! "दोनशे एक्क्याण्णव," ती म्हणाली.

"म्हातारीला विचारलंस का?" गल्ल्याशी उभे राहून सोयाचं दूध पिणाऱ्या वस्तीप्रमुख हुआंगनी विचारलं.

"तिला काय विचारायचंय? पेन्शन काढायला तिचा शिक्का माझ्याकडेच असतो. आणि माझं दुकान बुडालं तर तिला काय आनंद होणाराय?"

हुआंग हसले. त्यांनी तरी कुणाला विचारलं होतं? घरातले सहाच्या सहा शिक्के त्यांनी सकाळीच एका दमात मारून टाकले होते.

ताइनानच्या या सहापदरी फूआन रस्त्याचे आता चारच पदर ठेवायचे, असं महापालिकेनं ठरवलं होतं. दोन्ही कडांचा एकेक पदर काढून तिथं रुंद फुटपाथ होणार होता. बीयुनच्या नाश्त्याच्या दुकानाचं पोट नेमकं त्या कडेच्या पदरावर भरायचं. सकाळी सहापासून तिथं स्कूटरींची रांग लागे. गिऱ्हाईक एक पाय खाली टेकवून ओरडायचं, "ताई, अंड्याची पोळी, तिखट जास्त!" आणि पुडकं हँडलला अडकवून पसार व्हायचं. इंजिनसुद्धा बंद करायचं नाही. फुटपाथ झाल्यावर कोण मरायला थांबतंय? मागच्या रस्त्यावर तसंच झालं होतं. चार महिन्यांत दोन दुकानं बसली. बीयुनचं दुकान एकोणीस वर्षांचं होतं आणि तिला दुसरं काही येत नव्हतं. तिची झोप उडाली होती.

आई अगदी समोर राहायची, रस्त्यापलीकडे. पूर्वी रोज सकाळी यायची. भिंतीजवळच्या स्टुलावर बसून गरम दूध प्यायची आणि पोळ्या जाड झाल्या म्हणून लेकीला टोमणे मारायची. गेल्या वर्षीच्या नववर्षापासून तिचं येणं बंद झालं. कारण बीयुनला चांगलंच ठाऊक होतं. नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जेवायला जातात. त्या दिवशी बाकीची दुकानं बंद म्हणून हिनं आपलं उघडं ठेवलं. आई ताटं मांडून बसली असणार, म्हणजे रुसली असणार. नंतर कितीदा बोलावलं, पण एकच उत्तर, "दूध पचत नाही गं हल्ली." बीयुनही काही कमी नव्हती. महिन्यातून एकदा स्कूटरवरून पलीकडे जायची, पेन्शन आणि औषधं आईच्या हातात ठेवायची आणि दहा मिनिटांत परत यायची. रूस म्हणावं, किती दिवस रुसतेस ते बघू!

दुपारी देवळाशेजारच्या सभागृहात महापालिकेची सुनावणी होती. सगळ्यांनी कपाळाला विरोधाच्या पिवळ्या पट्ट्या बांधल्या होत्या. हुआंगना तर माइकचीही गरज नव्हती. "गार हवेच्या खोलीत बसून नकाशे काढता! कुणाला हवाय हा फुटपाथ? एक माणूस दाखवा, एक!" टाळ्या पडल्या. बीयुननं सगळ्यात जोरात वाजवल्या.

टेबलामागच्या इंजिनिअर बाईंनी मान वर केली. बीयुनला खुणेनं जवळ बोलावलं.

"या शिक्क्यांचे कागद तुम्हीच गोळा केलेत ना? एक घोटाळा झालाय. हे एक नाव विरोधातही आहे आणि मागणीतही. मागणीचं पहिलं पत्र यांचंच. त्यावरूनच आम्ही रस्ता मोजायला घेतला."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. रोज फाडायच्या कॅलेंडरचं पान होतं ते. बीयुनला अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. तिनं पान उलटलं. गेल्या वर्षीच्या नववर्षाचा दुसरा दिवस. तिनं ते पुन्हा सुलटं केलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागली.

"महापालिकेच्या साहेबांना. आज मुलीला दुकानामुळे येता आलं नाही. म्हणून मीच डबा घेऊन निघाले. निम्म्या रस्त्यात पोचले नाही तोच वेळ संपत आली आणि सिग्नलमधला हिरवा माणूस पळायला लागला. मला पळता येत नाही. गाड्या सुटल्या. कुणीतरी हात धरून मला मागे आणून सोडलं. डबा रस्त्यातच पडला. रस्ता थोडा अरुंद केलात तर मला पूर्वीसारखं रोज मुलीकडे जाता येईल. हे तिला कळवू नका, उगाच जिवाला घोर लावून घेईल. माझा शिक्का तिच्याकडे आहे. तो आणायला पलीकडे जाता येत नाही, म्हणून अंगठा लावते."

खाली लाल ठसा होता.

दीड वर्ष! दीड वर्ष बीयुन आई रुसली, रुसली म्हणत होती.

"काय गं, कोण निघालं फितूर?" मागून हुआंग ओरडले. लोक हसले.

इंजिनिअर बाईंनी पेन उचललं. "दोन्ही धरता येणार नाहीत, ताई. यांचं मत काय लिहू? शिक्का खरा, की अंगठा?"

बीयुननं एकदा मागे वळून बघितलं. पहिल्या रांगेत तिची रोजची गिऱ्हाइकं बसली होती. शेजारचे दुकानदार बसले होते. सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते. तिनं कपाळाची पट्टी सोडून टेबलावर ठेवली.

"अंगठा," ती म्हणाली. "आणि वरच्या ओळीत माझा शिक्का आहे, त्यावर काट मारा."