चित्राखालची ओळ

मांजर्लीच्या नव्या फ्लॅटमध्ये हितेशने दोन दिवस खपून टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, भिंतींवर पाच स्पीकर चढवले. रविवारी दुपारी पिक्चर लावायचं ठरलं, तशा त्याच्या आई मटार सोलायला स्वयंपाकघरात निघाल्या. त्यांना ऐकू येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

"तुम्ही बघा. मला नुसती तोंडं हललेली दिसतात," त्या सुनेला म्हणाल्या.

नूतनने त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. गेले तीन आठवडे ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ती या विनोदी मराठी पिक्चरचा एकेक संवाद टाइप करत होती. हितेशलाही तिने पत्ता लागू दिला नव्हता.

पिक्चर सुरू झाला आणि चित्राखाली ठळक अक्षरांत ओळी उमटू लागल्या, पात्रांनी तोंड उघडायच्या जराशा आधीच. सासूबाई ओठ हलवत वाचायला लागल्या. नूतन पिक्चर सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली.

थोड्या वेळाने सासूबाई एकट्याच खळखळून हसल्या. हितेशला कळेना. त्याने हातानेच विचारलं, काय झालं?

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "थांब जरा. आता बोलेल तो."