मागच्या घराचा वॉल

तिसऱ्या झटक्याला पाण्याच्या वॉलचं चाक देवमनच्या हातात तुटून आलं.

अंगणातल्या खड्ड्यात आता नुसता गंजलेला दांडा उरला होता आणि तो तसूभर हलत नव्हता. सव्वादहा वाजले होते. अकराला नळ येणार, आणि आजचा नळ हुकला की पुढचा पाच दिवसांनी. तिकडे अमरावतीहून सुगतला घेऊन गाडी निघालेली होती. सुगत म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. पहाटे दवाखान्यात त्याचा जीव गेला होता.

अकोल्यातली ही दोन्ही घरं बापाच्या एकाच जागेत. पुढचं देवमनचं, मागचं सुगतचं. नळाचं कनेक्शन एकच. देवमनच्या अंगणातून पाइप मागे जायचा आणि मधे हा वॉल. अकरा वर्षांपूर्वी देवमनच्या पोरीनं, दीक्षानं, मनानं लग्न केलं. कोर्टात साक्षीदार म्हणून सही केली ती तिच्या काकानं, सुगतनं. त्याच संध्याकाळी देवमननं अंगातला सगळा जोर लावून वॉल बंद केला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. भावाशी तो एक शब्दही बोलला नाही.

सुगत कधी पाणी मागायला आला नाही. उलट येता-जाता फाटकाशी थांबायचा आणि हसून म्हणायचा, "दादा, जयभीम." देवमनला ते खिजवणं वाटायचं. तो पेपर तोंडापुढे धरायचा. मागच्या घरात पाणी कुठून येतं, टँकरचं की कोणाच्या बोअरचं, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपणच नमतं घेतल्यासारखं झालं असतं.

"राहू द्या ना आता," उंबऱ्यातून त्याची बायको मनकर्णा म्हणाली. "मांगं पाण्याची सोय हाये."

"कायची सोय? ड्रमात दोन बकेटा असतीन. शंभर माणूस येईन. सुगतले आंघोळ घाला लागते."

"हाये म्हणते ना मी. तुमी हातपाय धुवा, कपडे बदला. लोक येऊन राहिले."

"माह्या भावाले शेवटची आंघोळ दुसऱ्याच्या पाण्यानं घालू का?"

देवमननं दांड्याच्या बुडाशी रॉकेल ओतलं. उभी हयात कालव्याच्या गेटवर चौकीदारी केलेला माणूस तो. कालव्याचं गेट मोठं आणि हा वॉल लहान, एवढाच फरक. दांडा फिरला की त्याच्या टोकाचं पितळी गेट खाली उतरतं आणि पाणी अडतं. दांडा फिरत नाही तर वरची टोपी खोलायची, ते गेटच ओढून काढायचं आणि टोपी परत बसवायची. वॉल कामातून गेला तरी चालेल, पाणी मागे गेलं पाहिजे.

मनकर्णाचा फोन वाजला. पलीकडे सुगतचा मुलगा ललित होता. "हो बाप्पा... हो," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"गाडीनं मूर्तिजापूर सोडलं म्हणते."

देवमननं टोपीला पाना लावला आणि पान्यावर हातोडा घातला. खाऱ्या पाण्याचा अकरा वर्षांचा थर दगडासारखा बसला होता. पाना सटकला. बोटांची सालटी निघाली, रक्त रॉकेलात मिसळलं. त्यानं हात धोतराला पुसला आणि पुन्हा पाना लावला.

मनकर्णा फडकं घेऊन खड्ड्याशी आली. "आयका. मले एक सांगाचं हाये."

"काही सांगू नको!" तो ओरडला. फाटकाशी जमलेले दोघं-तिघं वळून पाहू लागले. "अकरा वर्षं तू बी गप्पच होती. एकडाव म्हटलं असतं, का उघडा, तं म्या उघडला असता."

हे खोटं होतं. पहिल्याच रात्री ती तसं म्हणाली होती आणि देवमननं भरलेलं ताट लोटून दिलं होतं. त्याला ते आठवलं. तिलाही आठवलं असणार. ती फडकं त्याच्या बोटांना गुंडाळत राहिली.

"मरताना पाणी मागतलं असंन त्यानं," देवमन म्हणाला. "माह्यावर राग धरूनच गेला असंन. म्या सख्ख्या भावाचं पाणी तोडलं, मनकर्णा."

"असं नका बोलू."

"मंग कसं बोलू?"

पुन्हा फोन आला. गाडी बोरगाव मंजूला पोचली होती. अकराला वीस मिनिटं कमी.

देवमन खड्ड्यात गुडघ्यांवर बसला. पान्याच्या दांडीत त्यानं लोखंडी नळी अडकवली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत कुठंतरी कट् झालं आणि टोपी अर्धं बोटभर फिरली. तो लहान पोरासारखा रडू लागला. रडत रडतच त्यानं उरलेले आटे हातानं सोडवले आणि दांड्यासकट टोपी वर उचलली.

दांड्याच्या टोकाला गेट नव्हतं.

खाली अडकून बसलं असेल म्हणून त्यानं चिमटा घातला. चिमटा नुसताच फिरला. मग त्यानं बोट घातलं. बोट पाइपाच्या ह्या तोंडातून त्या तोंडापर्यंत सरळ गेलं, मधे काही लागलं नाही. त्यानं पुन्हा चाचपलं. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं.

मनकर्णा खड्ड्याच्या काठावर खाली बसली.

"तुमी बंद केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी म्या मिस्त्री बोलावून ते काढून घेतलं," ती म्हणाली. "सुगतले म्हटलं, त्यायच्यापाशी पाण्याचं नाव काढू नको, पण हे दादानंच काढाले लावलं."