दुप्पट पिंजर

अक्काताईंनी पिशवीवर तळवा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"पोरी, ही आतनं तापल्या गं."

मनिषा जवळ आली. मागाच्या खोलीत वाशांना अशा वीस पिशव्या टांगलेल्या होत्या. भोवती ओल्या गोणपाटांचे पडदे. अळंबीचं बी घालून आज अठरा दिवस झाले होते. आतापर्यंत पिशव्या कापसासारख्या पांढऱ्या व्हायला हव्या होत्या. झाल्याही होत्या, पण नुसत्या कडेनं.

अक्काताई सकाळच्या बसनं सांबऱ्याहून आल्या होत्या. सात वर्षं त्या घरातच अळंबी काढत होत्या. मनिषाला शिकवलं त्यांनीच, बीही त्यांनीच दिलं होतं. मनिषाचा नवरा नागेंद्र भिंतीला टेकून बसला होता. शिमग्यापर्यंत तो याच खोलीत साड्या विणायचा. मग माग भंगारात गेले आणि खोली मोकळी झाली.

"कातर आण," अक्काताई म्हणाल्या.

त्यांनी पिशवी उभी कापली. वर पांढरा थर होता, दोन बोटं जाडीचा. त्याच्या आत भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, काळं पडलं होतं, मध्येमध्ये हिरव्या भुकटीचे डाग. आंबूस वास खोलीभर पसरला. अक्काताईंनी मुठीत थोडं पिंजर घेऊन पिळलं. बोटांतून काळं पाणी गळलं.

"एकेका पिशवीत किती घातलंस?"

"दोन किलो."

"वाळकं?"

"व्हय."

"आणि बी?"

"तुम्ही दिलतं तेवढंच."

"मी एक किलो सांगितलतं, मनिषा."

"एका किलोला पाऊण किलो अळंबी निघती म्हणलासा," मनिषा म्हणाली. "वीस पिशव्यांची पंधरा किलो. मला तीस पायजे हुती, अक्काताई."

कॅम्प भागातल्या एका हॉटेलवाल्यानं तिला एका खेपेला तीस किलोची बोली केली होती. त्याहून कमी आणू नका, म्हणाला होता. आणि त्याच रात्री जेवता जेवता नागेंद्र बोलून गेला होता, 'तीस निघाली तर मी कशाला गोव्याला जातोय?' गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात तिथल्याच ओळखीच्या माणसानं त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं. तिथं राहायचं, गणपतीला आणि दिवाळीला घरी यायचं. त्या रात्रीपासून मनिषाच्या डोक्यात तीसचा आकडा बसला होता.

"बी एवढंसं. ते चालणार तरी किती लांब?" अक्काताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मधल्या पिंजरापतुर ते पोचायच्या आधी दुसरीच बुरशी पोचली. त्यात दाबून दाबून भरलंय. वारं न्हाय आत. तापणारच की."

"कडेची तरी येतील?"

"येतील. चार किलो. लई तर पाच. पण त्यांची वाट बघू नको. ही हिरवी उडती आणि भिंतीत बसती. आजच सगळ्या लांब नेऊन पूर. खोलीला चुना मार. दिवाळीपतुर हितं काय लावायचं न्हाय."

त्यांनी मोरीत हात धुतले. मनिषानं चहा टाकते म्हटलं, तर बसची वेळ सांगितली. जाताना मनिषाच्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि गेल्या.

खोलीत दोघंच उरली. मनिषा एकेका पिशवीला हात लावत फिरली. सगळ्याच गरम होत्या. शेवटच्या पिशवीला हात लावून झाल्यावर ती नागेंद्रसमोर येऊन बसली.

"त्या गोव्याच्या माणसाला एवढ्यात फोन करू नका," ती म्हणाली. "अक्काताईंकडनं परत बी आणते. सैपाकघरात लावूया. आपण काय, भायेर शिजवून खाऊ. ह्या टायमाला एक किलोच घालायचं, वजन करून. पंधरा तर पंधरा. हॉटेलवाल्याच्या पाया पडते मी."

नागेंद्र जमिनीकडे बघत होता.

"मी त्याला येतो म्हणून सांगितलंय."

"कवा?"

"पिशव्या भरल्या त्या दिवशी."

मनिषाला तो दिवस आठवला. अंगणात उकडून निथळत ठेवलेलं पिंजर, ती ओंजळीनं घालत होती आणि नागेंद्र मुठीनं दाबत होता. मावतंय अजून, घाल, असं तोच म्हणत होता. किती महिन्यांनी दोघं असं शेजारी बसून काम करत होती. विसावी पिशवी बांधली तेव्हा त्यानं तिच्या केसांतलं पिंजर काढलं होतं.

"भरून झाल्यावर सांगितलासा?"

"न्हाय. सकाळी. भरायच्या आधी."

बाहेर कुणाचा तरी माग चालू झाला. गल्लीत अजून दोन घरांत चालत होते.

"मग दाबून दाबून का भरत हुतासा?" तिनं विचारलं. "घाल घाल का म्हणत हुतासा?"

"तू लई आशेनं घालत हुतीस." तो म्हणाला. "मला पुरं म्हणवलं न्हाय."

मनिषा उठली. कापलेल्या पिशवीची दोरी तिनं वाशावरून सोडली. ओल्या पिंजराचं ओझं एकदम अंगावर आलं, तशी ती झुकली. नागेंद्र पटकन उठून पुढं आला. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"आण हिकडं. मी टाकून येतो."

"असू द्या," मनिषा म्हणाली. "हितनं म्होरं मलाच उचलायचं हाय."

तिनं पिशवी कमरेवर घेतली. काळं पाणी लुगड्यावरून पायापर्यंत ओघळलं. नागेंद्र क्षणभर तसाच हात पुढं करून उभा राहिला. मग तो बाजूला झाला आणि त्यानं तिला वाट दिली.