एकशे तीन पायऱ्या

पहाटे सव्वापाचला हॉटेलच्या जिन्यात पावलं वाजली आणि सलिलने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"बाबा निघाले," अस्मिता म्हणाली. "सुट्टीतसुद्धा! तू निदान उठून तरी बस."

केरळातला हा तिसरा दिवस. तिन्ही दिवस पावलं वाजली होती आणि तिन्ही दिवस सलिल झोपून राहिला होता.

खरं तर ही सहल त्यानेच काढली होती, आणि तीही याचसाठी. हिंजवडीच्या कंपनीत दरवर्षीची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. साखर काठावर, रक्तदाब काठ ओलांडलेला, वय चौतीस. "तीन महिन्यांत अंग हलवायला लागा, नाहीतर जन्मभर गोळ्या," असं त्यांनी सांगितलं. सलिलला गोळ्यांची भीती नव्हती. भीती मामांची होती. दोन्ही मामा पन्नाशीच्या आत गेले होते, हृदयविकारानेच. आणि सलिल दिसायला, बसायला, घोरायलासुद्धा थेट मामांवर गेला होता.

उलट बाबा. श्रीधरपंत खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सत्तर. घरची पहाटेची पर्वती बावीस वर्षं चालू होती, एका दिवसाचा खंड नाही. आई, पद्मजाबाई, बरोबर जायची ती पायथ्याशी फुलं आणि भाजी घ्यायला, हे सलिलला शाळेत असल्यापासून माहीत होतं. दहा दिवस या माणसाजवळ राहायचं, सवय टिकते कशी ते बघायचं, जमलं तर उचलायचं, असा त्याचा बेत. पण अंथरूण सुटेल तर ना!

येताना गाडी एका स्टेशनावर अर्धा तास थांबली होती. वरच्या बर्थवरून सलिलने खिडकीबाहेर डोकावलं, तर बाबा पुलाच्या पायथ्याशी घड्याळ बघत उभे. गाडी सुटायच्या आत ते डब्यात आले, मागोमाग आई पाण्याची बाटली घेऊन.

"पायऱ्या झाल्या?" सलिलने विचारलं.

"झाल्या. पूल बुटका आहे, तीन खेपा लागल्या."

सलिलने बर्थवरूनच हात जोडले.

हॉटेलला पाच मजले होते, मजल्याला बावीस पायऱ्या. "एकशे दहा होतात," बाबांनी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं. "पर्वतीच्या एकशे तीन. वरच्या सात देवाला."

चौथ्या दिवशी मात्र सलिल उठला. बूट घालून जिन्यात आला, तोवर पावलं दोन मजले वर गेली होती. तो चढू लागला. पहिल्या मजल्यावर ठीक होतं. दुसऱ्यावर छातीचा भाता झाला. तिसऱ्यावर त्याने कठडा धरला आणि तिथेच उभा राहिला. वर पावलं चाललीच होती. घाई नाही, थांबणं नाही, एकाला एक लागून. सत्तरीच्या माणसाची पावलं इतकी हलकी! देवळात उभं राहावं तसा तो ऐकत राहिला. त्याला भरून आलं, आणि थोडा रागही आला. हे शरीर माझ्या वाट्याला का नाही आलं? मामांचंच का आलं?

वरचा आवाज थांबला. थोड्या वेळाने लिफ्ट खाली गेली. आणखी थोडं थांबून सलिल लिफ्टनेच उतरला, तर बाबा खाली कोचावर पेपर वाचत बसलेले. कपाळावर घामाचा टिपूस नाही.

"किती?" त्यांनी पेपरामागून विचारलं.

"तीन मजले."

"उद्या चार. तोंड मिटून चढ. वर बघू नकोस, पुढची पायरी बघ."

"बाबा, तुम्हाला दम कसा लागत नाही हो?"

"दम बोलणाऱ्यांना लागतो."

चहाला आई आली ती आंघोळ उरकूनच. तिने तीन इडल्या खाल्ल्या, वर चौथी मागितली.

पाचव्या दिवशी चार मजले झाले. सहाव्या दिवशी सलिल गच्चीवर पोचला. तिथे कुणीच नव्हतं. समोर माडांच्या मागून सूर्य वर येत होता, खाली पाणी तांबडं झालं होतं आणि एक होडी त्यातून आवाज न करता चालली होती. आपण इथवर आपल्या पायांनी आलो, हे त्याला पटेना. तो दहा मिनिटं तसाच उभा राहिला. त्यानंतर त्याने एकही दिवस चुकवला नाही.

रविवारी सगळे पुण्यात उतरले. सलिल आणि अस्मिता त्या रात्री आईबाबांकडेच राहिले.

"बाबा, उद्या पर्वतीला मी येतो," सलिल म्हणाला. "तुमच्याबरोबर, थेट वरपर्यंत."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती नुसती हसली.

"ये की," बाबा म्हणाले. "पर्वती काय आमच्या एकट्याची आहे?"

पहाटे तिघं पायथ्याशी पोचले तेव्हा नुकतं फटफटत होतं. माणसं भराभर चढत होती. फुलवाल्या तुळजाबाईंनी दुरूनच हाक मारली, "बारा दिवस कुठं होता वं? मला वाटलं, मोडला नेम!" आणि कुणी न मागता टोपलीमागचं स्टूल काढून पुढे ठेवलं.

बाबा स्टुलावर बसले.

"बसलात काय?" सलिल म्हणाला. "आधी चढू या, मग बसा."

"माझे गुडघे नऊ वर्षांपूर्वीच गेले," बाबा म्हणाले.

आईने हातातली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. सलिलचं तोंड मिटायच्या आत ती विसाव्या पायरीवर होती.

"बघतोस काय असा?" बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "पळ. ती कुणासाठी थांबत नाही."