तिसरं सिम

जयमाला वादळांच्या मागे जीप घेऊन फिरायची. गारपीट कुठल्या गावाकडे निघालीय ते व्हिडिओ कॉलवरून बहिणीला, करिष्माला, दाखवायची आणि करिष्मा बुलढाण्यातून गावोगावच्या ग्रुपवर कळवायची. लोक त्यावर जनावरं आत बांधायचे.

आज अमडापूरच्या रस्त्यावर आभाळ काळंनिळं झालं आणि नेमकी रेंज गेली. दोन कंपन्यांची दोन सिमं, दोन्ही ठप्प.

"दर वेळी हेच!" ती करवादली. "गफ्फारभाई, कालचं नवं सिम द्या बरं."

जीप चालवता चालवता गफ्फारभाईंनी सिम पुढे केलं. "हे बी नाही चाललं तं फेकून द्या, ताई."

चाललं. लगेच व्हिडिओ कॉल लागून करिष्माचा आवाज आला.

"ताई, काचेवर पाणीच पाणी हाये."

जीपची काच कोरडी ठणठणीत होती. "इथं थेंब नाही वं! नीट पाह्य."

"आता गारा पडून राह्यल्या. केवढा आवाज!"

"काय भंगार सिम गळ्यात मारलं!" जयमाला वैतागली. "भलतंच दाखवते हे."

करिष्मा एकदम ओरडली. "ताई, जीप उलटी काऊन पडली?"

गफ्फारभाईंनी करकचून ब्रेक दाबला. जीप सरळ उभी राहिली. जयमालानं सिम उपसून बाहेर फेकलं.

फोनमधून करिष्मा रडत बोलतच होती. "गफ्फारभाई तुले हाका मारून राह्यले, ताई. तू ओ काऊन देत नाही?"