बारा वाफे

बाराही वाफे सारखेच करपले होते. शुभांगी बांधावर उभी राहून ते पुन्हा मोजत होती. मोजून काय फरक पडणार होता? पण शिकलेल्या माणसाला आशा सोडतानाही आकडे लागतात. लाल झेंडीच्या सहा वाफ्यांवर तिचं नवं औषध मारलं होतं, पांढऱ्या झेंडीच्या सहांवर नुसतं पाणी. लाल वाचायला हवे होते, पांढरे जायला हवे होते. कांद्याची पात मात्र दोन्हीकडे जांभळट डाग पडून लोळली होती.

या बुरशीनाशकावर शुभांगीची सात वर्षं गेली होती. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते करप्याची बुरशी दोन दिवसांत मारायचं. शेतावर तीन ठिकाणी चाचणी लावली. राहात्याची गारपिटीनं नेली, पारनेरला यंदा रोगच आला नाही. उरलं होतं नेवाशाजवळचं हे भागिरथीबाईंचं रान. इथंही फरक दिसला नाही तर काम बंद, असं वरिष्ठांनी स्वच्छ सांगितलं होतं.

भागिरथीबाई चहा घेऊन आल्या. साठी उलटली तरी पाठीवर पंप घेऊन फवारणी त्याच करायच्या. बाई कामाला चोख. ठरलेल्या चारही फवारण्या त्यांनी वेळेवर केल्या होत्या, औषधाच्या चार रिकाम्या पुड्यासुद्धा जपून ठेवल्या होत्या. शुभांगीनं त्या हातात घेतल्या आणि सहज विचारलं,

“मावशी, एक पुडी किती पंपांत टाकायचात?”

“चार.”

शुभांगीनं पुड्या पुन्हा मोजल्या. “दोन सांगितले होते ना? लाल वाफ्यांचे दोन पंप औषधाचे आणि पांढऱ्यांचे दोन साध्या पाण्याचे.”

“सांगितलं हुतं.” भागिरथीबाईंनी काहीच लपवलं नाही. “पयल्या बारीला तसंच केलं. पन म्याडम, एका पंगतीला बसवायचं अन् निम्म्यांच्याच पानात वाढायचं, हे मला न्हाई जमलं. तेबी आजारीच की. त्यांच्या म्होरं पंप घेऊन जायचं अन् नुसतं पानी मारायचं? फसवनूक हाय ती. मग हाय तेवढंच समद्यांना वाटलं.”

शुभांगीला आधी हसू आलं आणि मग रडू. रागवायचं तरी कुणावर? काय करायचं ते तिनं या बाईंना तीनदा सांगितलं होतं. का करायचं, ते एकदाही नाही.

“सगळ्यांना अर्धंच मिळालं, मावशी,” ती म्हणाली. “अर्ध्या औषधानं ही बुरशी मरत नाही. त्याला सरावते.”

“म्हंजी?”

“म्हणजे आता पुरतं दिलं तरी ती कदाचित मरणार नाही. आणि वाऱ्यावर शेजारच्या रानात जाईल.”

भागिरथीबाई बांधापलीकडे बघू लागल्या. शेजारचं रान त्यांच्या धाकट्या जावेचं होतं. तिथला कांदा अजून हिरवागार उभा होता.

“सहांनाच पुरं दिलं असतं, तर ते सहा वाचले असते का वो?”

“माहीत नाही. तेच तर बघायचं होतं.”

शुभांगीनं कागद काढला. औषधाचा उपयोग झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होतं. चाचणीच बिघडली असं लिहिलं तर ते खरं होतं. दोन्हीनं काम बंदच पडणार होतं, तेव्हा तिनं खरं ते लिहिलं आणि खाली सही केली. मग ती गाडीकडे निघाली.

भागिरथीबाई मागोमाग गाडीपर्यंत आल्या. तोंड उतरलं होतं त्यांचं. गाडी सुरू झाल्यावर त्या खिडकीशी वाकल्या.

“चुकलं माझं. पुढल्या साली बाराही वाफ्यांना पुरंल एवढं आना, म्हंजी वाटायची पाळी यायची न्हाई.”

“आणते,” शुभांगी म्हणाली.